कळा सुरू असताना बाळाचे ठोके: नळी, डॉप्लर, पट्टे की चिकटपट्टी?

मुलुंडच्या एका पहिलटकरणीचा प्रश्न आहे. तुम्हाला तेहतिसावा आठवडा सुरू आहे, रक्तदाब आणि साखर नीट आहे, बाळाची वाढ वेळेप्रमाणे आहे आणि घराजवळची दोन प्रसूतिगृहे पाहून झाली आहेत. पहिल्या ठिकाणी दाखल झाल्यापासून बाळंतपण होईपर्यंत पोटाला पट्टे बांधून यंत्रावर बाळाचे ठोके पाहतात, तर दुसऱ्या ठिकाणी सिस्टर ठरावीक वेळाने हातातला डॉप्लर लावून ऐकतात. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नुसती नळी होती. त्यातच पोटाला चिकटवायच्या बिनतारी पट्टीविषयी तुमच्या वाचनात आले. यांपैकी बाळासाठी अधिक सुरक्षित काय, असे तुम्ही विचारले आहे.

आधी उत्तर देते. तुम्ही दिलेली माहिती बरोबर असेल आणि प्रसूतीपर्यंत चित्र असेच राहिले, तर नीट आणि वेळच्या वेळी लावलेला डॉप्लर तुम्हाला पुरेसा आहे. अखंड पट्टे बांधून ठेवल्याने बाळाचा फायदा फार थोडा आणि तुमचे सिझेरियन होण्याची शक्यता मात्र वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: निरोगी स्त्रीच्या, आपोआप सुरू झालेल्या कळांमध्ये अखंड यंत्र लावू नये, दाखल होतानाही ते सरसकट लावू नये, नळीने किंवा डॉप्लरने ठरावीक वेळाने ऐकावे. परंतु माझ्या वाक्यातल्या ‘नीट’ आणि ‘वेळच्या वेळी’ या शब्दांवर सगळे अवलंबून आहे, म्हणून त्यांचा अर्थ खुलासेवार सांगणे भाग आहे.

ठोके ऐकायचे ते कशासाठी, हे ध्यानात आले की साधनांची तुलना सोपी होते. कळ येते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि वारेकडे जाणारा आईचा रक्तप्रवाह तेवढ्यापुरता कमी होतो. धडधाकट बाळ गाठीशी असलेल्या प्राणवायूवर तो मिनिटभराचा काळ सहज काढते. वार आधीच अशक्त असेल, नाळ दबत असेल किंवा दोन कळांमध्ये पुरेशी उसंतच मिळत नसेल, तर बाळाची ही शिल्लक हळूहळू संपत जाते आणि तिची खूण हृदयाच्या गतीत दिसू लागते: ठोके कळेबरोबर उतरतात आणि कळ गेल्यावरही लगेच वर येत नाहीत. पूर्ण दिवसांच्या बाळाचे ठोके सर्वसाधारणपणे मिनिटाला ११० ते १६० असतात. मात्र दोन कळांमधल्या शांत वेळी मोजलेले १४० ठोके फारसे काही सांगत नाहीत. कळ ओसरताच मोजलेले १४० बरेच काही सांगतात. नळीपासून चिकटपट्टीपर्यंत प्रत्येक साधनाची पारख मी दोनच गोष्टींवर करते. कळ ओसरतानाची गती त्यातून हाती लागते का? आणि जी गती हाती लागली ती बाळाचीच आहे, आईची नव्हे, याची खात्री देता येते का?

सासूबाईंची नळी म्हणजे पिनार्डची नळी. अडोल्फ पिनार्ड या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी १८९५ मध्ये तिला आजचे रूप दिले, आणि लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची ती कर्ण्यासारखी नळी आजही आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्यांदा पडते. तिची एक खुबी लोकांच्या लक्षात येत नाही. बाळाची पाठ कोणत्या बाजूला आहे हे चाचपून, खांद्याच्या जागी नळी टेकवली आणि कानाने दाबून धरली की दोन्ही हात मोकळे राहतात. एक हात गर्भाशयाच्या माथ्यावर ठेवून कळ केव्हा संपते ते कळते आणि दुसऱ्या हाताने आईची नाडी पाहता येते. शिवाय या नळीतून ऐकू येतो तो हृदयाचा खराखुरा आवाज, त्यामुळे आईच्या रक्तवाहिनीशी गल्लत होण्याची शक्यता कमी. उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. ऐकणाऱ्याखेरीज कोणालाच काही ऐकू येत नाही, पोट जाड असेल तर आवाज दबतो, आणि आई उकिडवी किंवा कुशीवर असेल तर ऐकणारीला अक्षरशः जमिनीवर बसावे लागते. माझ्या उमेदवारीच्या काळात रेल्वेच्या रुळांलगतच्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी रात्रपाळ्या केल्या. तिथे कळ संपली की आधी लोकल जाण्याची वाट पाहावी लागे, आणि तेवढ्यात मोजण्याची नेमकी वेळ निघून जाई. मुंबईच्या गजबजाटात नळी मागे पडली याचे मला आश्चर्य वाटत नाही, पण वीज गेल्यावर किंवा डॉप्लरची बॅटरी उतरल्यावर ती ज्या सिस्टरला वापरता येते, तिच्याविषयी माझ्या मनात वेगळाच आदर असतो.

हातातला डॉप्लर साधारण २ ते ३ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनिलहरी सोडतो आणि हलत्या हृदयावरून परतताना त्यांच्या वारंवारतेत जो बदल होतो त्याचे आवाजात रूपांतर करतो. घोड्याच्या टापांसारखा तो आवाज खोलीत सर्वांना ऐकू येतो, आईला धीर येतो आणि ती कोणत्याही स्थितीत असली तरी ऐकता येते. मात्र डॉप्लरला हालचाल कळते, ती कोणाची आहे हे कळत नाही. आईची मोठी रक्तवाहिनी वाटेत आली तर तो तितक्याच आत्मविश्वासाने तिचे ठोके ऐकवतो, आणि वारेतल्या रक्तप्रवाहाचा वाऱ्यासारखा सूसू आवाजही पकडतो. म्हणून आईच्या मनगटावर बोट ठेवल्याशिवाय डॉप्लरवर विश्वास ठेवू नये, असे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते.

‘नीट’ ऐकणे म्हणजे काय, ते आता सांगता येईल. सिस्टरचा हात पोटावर आहे, कळ उतरू लागली आहे, तिने डॉप्लर लावला आणि कळ संपताक्षणी घड्याळाकडे पाहून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजले, त्याच वेळी नाडी पाहिली आणि दोन्ही आकडे लगेच कागदावर लिहिले. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणे हे मोजणे नव्हे, कारण हळूहळू वर येणारी गती त्यात हमखास निसटते. डॉप्लरच्या पडद्यावरचा उड्या मारणारा आकडा बघून ‘१३८’ लिहिणे हेही नव्हे. वेळेबाबत सूचना थोड्या वेगवेगळ्या आहेत: ब्रिटनमध्ये पहिल्या अवस्थेत, म्हणजे पिशवीचे तोंड पूर्ण उघडेपर्यंत, दर १५ मिनिटांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सक्रिय कळांमध्ये १५ ते ३० मिनिटांनी, आणि जोर करण्याच्या अवस्थेत दोन्हीकडे दर ५ मिनिटांनी. आपल्याकडे अर्ध्या तासाची पद्धत रुळलेली आहे. दर १५ मिनिटांनी ऐकायचे तर एका सिस्टरकडे फार तर दोन बायका असाव्यात. चार-पाच जणींची जबाबदारी एकीवर असेल तर कागदावर दर पंधरा मिनिटांचे आकडे दिसले तरी ते केव्हा लिहिले गेले असतील, याविषयी मला शंका येते.

नळी आणि डॉप्लर यांत बाळासाठी खरोखर फरक पडतो का, याचा एक चांगला अभ्यास झिंबाब्वेतल्या हरारे येथे झाला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात १,२५५ स्त्रियांचे चार गट केले होते: अधूनमधून पट्ट्यांचे यंत्र, डॉप्लर, खास नेमलेल्या सुईणीने लावलेली नळी, आणि नेहमीच्या कामाच्या ओघात लावलेली नळी. ठोक्यांतला बिघाड अनुक्रमे ५४, ३२, १५ आणि ९ टक्के बायकांमध्ये सापडला; सिझेरियनचे प्रमाण २८, २४, १० आणि १५ टक्के होते, आणि नवजात बाळांना झटके आले ते फक्त नळीच्या दोन गटांत. मला त्यात सर्वांत बोलका वाटतो तो शेवटच्या दोन गटांमधला फरक. नळी तीच, बायका त्याच वॉर्डातल्या, तरी ऐकण्याला खास वेळ दिलेल्या सुईणीला १५ टक्के बिघाड सापडले आणि धावपळीतल्या सुईणीला ९.

आता पट्टे. आपल्याकडे सर्रास ‘एनएसटीचे मशीन’ म्हणतात त्या यंत्राचे खरे नाव कार्डिओटोकोग्राफ, म्हणजे सीटीजी. एका पट्ट्याखाली डॉप्लरचीच मोठी तबकडी असते, दुसऱ्याखाली गर्भाशय आवळले की दाब नोंदवणारी तबकडी, आणि दोन्हींच्या रेषा एकाखाली एक सरकत्या कागदावर उमटत जातात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही यंत्रे बाजारात आली तेव्हा जन्मताना होणारी मेंदूची इजा आता इतिहासजमा होईल अशी समजूत होती. डब्लिनमध्ये सुमारे १३,००० स्त्रियांवर झालेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती तपासली गेली. ठरावीक वेळाने ऐकलेल्या गटात २७ बाळांना झटके आले, यंत्राच्या गटात १२. पण पुढे चार वर्षांनी पाहिले तेव्हा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत राहणारा कायमचा दोष) झालेल्या मुलांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली. २०१७ मध्ये अशा १३ चाचण्या आणि ३७,००० हून अधिक स्त्रिया यांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तिचा निष्कर्ष याच वळणाचा आहे: यंत्राने झटके निम्म्यावर येतात, बाळांचे मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी कमी झाल्याचे दिसत नाही, आणि सिझेरियनचे प्रमाण दीडपटीहून वाढते. झटके मुळातच विरळ, त्यामुळे ते निम्मे होणे म्हणजे सातशेच्या आसपास बायकांना यंत्र लावल्यावर एका बाळाचे झटके टळणे. हा फायदा लहान असला तरी खोटा नाही, आणि कोणी आई तो जाणूनबुजून निवडत असेल तर मी तिला अडवत नाही.

डब्लिनमध्ये सिझेरियन फारसे वाढले नव्हते, हेही नोंदवायला हवे. तिथे आलेख बिघडला की बाळाच्या टाळूतून रक्ताचा थेंब घेऊन आम्लता तपासत, आणि ती ठीक असेल तर वाट पाहत. आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत ही सोय सहसा नसते. मग संशयास्पद आलेख, घाबरलेले नातेवाईक आणि रात्री अडीचला फोनवर असलेला डॉक्टर, असा योग आला की निर्णय कोणत्या बाजूला झुकतो ते सांगायला नको. आलेख वाचणे हेही वाटते तितके वस्तुनिष्ठ नाही; एकच आलेख दोन अनुभवी तज्ज्ञांना दाखवला तर मतभेद होतात, आणि संगणकाकडून मदत घेऊनही निकाल सुधारत नाही, हे ब्रिटन व आयर्लंडमधल्या सुमारे ४७,००० स्त्रियांच्या चाचणीने २०१७ मध्ये दाखवले. कागदाचा वेगसुद्धा फसवतो: मिनिटाला १ सेंटिमीटर वेगाच्या कागदावर डोळा तयार झालेल्याला ३ सेंटिमीटरच्या कागदावर तेच चढउतार ताणलेले, सपाट वाटतात. (हा कागद उष्णतेने उमटणारा असतो आणि त्यावरची रेषा काही महिन्यांत पुसट होत जाते, तेव्हा आलेखाची छायाप्रत मागून घ्यावी, असे मी सर्वांनाच सांगते.)

यंत्राविषयीची माझी सर्वांत मोठी सावधगिरी एका रात्रीतून आली आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रसूतिगृहात मला बोलावले होते. पिशवीचे तोंड पूर्ण उघडलेले, आई जोर करत होती, आणि आलेख पाहून मला हायसे वाटले. गती १३० च्या आसपास, आणि प्रत्येक जोरासरशी १५० पर्यंत सुरेख चढत होती. दहा मिनिटे मी तोच आलेख पाहत, आईला शाबासकी देत उभी होते. वयाने मोठ्या असलेल्या एका सिस्टरने काही न बोलता आईचे मनगट धरले, थोडा वेळ यंत्राच्या टकटकीकडे कान दिला आणि म्हणाली, “मॅडम, ही तर आईचीच नाडी आहे.” बाळ खाली सरकले होते, तबकडी वरच राहिली होती, आणि यंत्राने बाळाऐवजी आईची रक्तवाहिनी धरली होती. तबकडी जांघेच्या वर मध्यभागी आणली तेव्हा बाळाचे ठोके ८० निघाले. व्हॅक्यूमने लगेच बाळ घेतले. ते उशिरा रडले, पिशवी आणि मास्कने श्वास द्यावा लागला, पण पाचव्या दिवशी आईबरोबर घरी गेले. जोर करताना आईची नाडी चढते आणि बाळाची गती बहुधा उतरते, म्हणून प्रत्येक जोराबरोबर चढणारा आलेख हा दिलासा नसून इशारा असतो. हे मला पुस्तकातून माहीत होते आणि तरीही त्या रात्री मला दिसले नाही.

म्हणजे पट्टे टाकाऊ, असा अर्थ कृपया काढू नका. आधीचे सिझेरियन असेल तर टाका उसवू लागल्याची पहिली खूण बहुधा बाळाच्या ठोक्यांतच दिसते. तिथे मी अखंड यंत्राशिवाय कळा चालू देत नाही. वाढलेला रक्तदाब, इन्सुलिनवरचा मधुमेह, वाढ खुंटलेले किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ, जुळी, हिरवे झालेले पाणी, ताप, रक्तस्राव, बाळाची मंदावलेली हालचाल, सलाइनमधून ऑक्सिटोसिन देऊन वाढवलेल्या कळा आणि एपिड्युरल (कळा सुसह्य करणारी पाठीतली भूल), या सगळ्यांत पट्टे हवेतच. आणि डॉप्लरवर कळेनंतर ठोके उतरलेले एकदा जरी ऐकू आले आणि पुढच्या कळेनंतर तेच झाले, तर आईला डाव्या कुशीवर वळवून पट्टे बांधावेत. तुम्ही आज बिनधोक गटात आहात, पण कळा सुरू झाल्यावर तासाभरातही गट बदलू शकतो.

चिकटपट्टीचे तत्त्व निराळे आहे. तिच्यात ध्वनिलहरी नसतात. पोटावर लावलेले इलेक्ट्रोड बाळाच्या हृदयाचा ईसीजी टिपतात. असा ईसीजी पोटावरून मिळू शकतो हे १९०६ पासून ठाऊक आहे, पण बाळाची विद्युत लहर आईच्या लहरीपुढे इतकी क्षीण असते की दोन्ही वेगळ्या करणे संगणकाच्या काळातच शक्य झाले. दोन्ही वेगळ्या होतात हाच तिचा मोठा गुण: आईची नाडी आणि बाळाचे ठोके पडद्यावर स्वतंत्र दिसतात, त्यामुळे त्या रात्रीसारखी गल्लत टळायला मदत होते. जाड पोटावर जिथे डॉप्लरची तबकडी सारखी घसरते तिथे ती अधिक टिकते, आईला हिंडता-फिरता येते आणि पट्टा दर थोड्या वेळाने सरकवावा लागत नाही. मर्यादा अशा की ती ३६ आठवड्यांपुढच्या, एकाच बाळाच्या प्रसूतीसाठी आहे. त्याआधी बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर विद्युत लहर अडवतो. त्वचा आधी नीट घासून स्वच्छ करावी लागते, आणि पंखा बेताचा असलेल्या आपल्या लेबर रूममध्ये मे महिन्याच्या घामात ती किती वेळ चिकटून राहील, हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. पट्टी एकदाच वापरून टाकायची असल्याने खर्च वाढतो. मुख्य म्हणजे तिने संकेत चांगला मिळतो, पण आलेख वाचण्याचे काम तेच आणि त्यातले मतभेदही तेच. सीटीजीची गरज असलेल्या स्थूल स्त्रीसाठी मी ती आनंदाने वापरेन. तुम्हाला केवळ तिच्यासाठी प्रसूतिगृह बदलण्याची गरज नाही.

दुसऱ्या प्रसूतिगृहात पुन्हा जाल तेव्हा तिथल्या लेबर रूमच्या सिस्टरशी बोला. रात्री एका सिस्टरकडे किती बायका असतात, ठोके कळेच्या आधी ऐकता की नंतर, आईची नाडी वेगळी लिहिता का, ठोके बिघडले तर पट्ट्यांचे यंत्र आहे का, आणि सिझेरियनची गरज पडली तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतो, हे विचारा. ‘कळेच्या नंतर’ हे उत्तर विचार न करता आले तर अर्धी परीक्षा पास झाली. खाजगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाचे, फॉग्सीचे, ‘मान्यता’ प्रमाणपत्र असते आणि सरकारी लेबर रूमसाठी २०१७ पासून केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आहे. तेही विचारायला हरकत नाही. पहिले प्रसूतिगृह निवडलेत तरी पट्टे बांधून उताणे पडून राहू नका, कारण उताणे झोपल्याने गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि त्यानेच आलेख बिघडू शकतो. कुशीवर, खुर्चीत किंवा पलंगाशेजारी उभे राहूनही पट्टे बांधता येतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही घरासाठी डॉप्लर मागवू का, असे विचारले आहे. मागवू नका. घरच्या डॉप्लरवर टकटक ऐकू आली म्हणून हालचाल कमी वाटत असूनही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि ती टकटक कोणाची होती हे घरी कोणालाच सांगता येत नव्हते. हालचाल कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून तासाभरात फरक न वाटल्यास, रात्रीचे किती वाजले आहेत याचा विचार न करता थेट प्रसूतिगृहात जा.